पायबंद

तीन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी, वाचनालयाच्या व्याख्यानमालेत, मी युरोपच्या प्रबोधनकाळातील चित्रांमधल्या प्राण्यांवर बोललो होतो. पन्नास-साठ श्रोते होते, पडदा होता आणि माझ्याजवळ वीस वर्षे भरत आणलेली एक वही होती. चित्रात कुत्रा दिसला की निष्ठा, माकड दिसले की वासना किंवा नक्कल, मोर दिसला की अमरत्व, अशा नोंदी त्या वहीत अकारविल्हे लावलेल्या आहेत. मी एकेक चित्र दाखवत होतो आणि वहीतला अर्थ सांगत होतो. लोकांना हे आवडते. मलाही आवडते, हे कबूल केले पाहिजे. कोडे सुटल्याचा आनंद त्यात असतो आणि सोडवणाऱ्याला थोडा विद्वान झाल्यासारखेही वाटते.

शेवटचे चित्र आल्ब्रेख्ट ड्यूररच्या गेंड्याचे होते. १५१५ सालचे, लाकडी ठशावरून छापलेले. अंगावर चिलखताचे पत्रे, त्यांच्या कडांना खिळे मारल्यासारखे ठिपके, पायांवर खवले. मी म्हणालो, हे शक्तीचे आणि अभेद्यतेचे प्रतीक आहे. आपणही ‘गेंड्याची कातडी’ म्हणतोच.

प्रश्नोत्तरांच्या वेळी पुढच्या रांगेतले एक निवृत्त पशुवैद्य उभे राहिले. त्यांनी विचारले, “सर, या जनावराच्या कातडीला काय झालंय?”

मी म्हणालो, “ते प्रतीकात्मक आहे, डॉक्टर.”

“असेल. पण बोटीवरून आणलेलं होतं म्हणालात ना? किती दिवस?”

“एकशे वीस.”

“मग चिखल मिळाला नसणार,” असे म्हणून ते खाली बसले.

सभागृहात हशा पिकला. मीही हसलो. परतीच्या एसटीत मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. त्या जनावराविषयी मी इतकी वर्षे वाचत होतो, आणि त्याला काही हवे असेल हा विचार मला एकदाही शिवला नव्हता. हा लेख त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

आधी माझ्या वहीच्या बाजूने चार शब्द बोलतो, कारण ती वही खोटी नाही. युरोपात प्राण्यांना अर्थ चिकटण्याची परंपरा फार जुनी. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत ‘फिजिओलॉगस’ नावाचा एक ग्रीक ग्रंथ तयार झाला. त्यात प्रत्येक प्राण्याची एक खोड सांगायची आणि तिच्यातून ख्रिस्ती धर्माचा एक धडा काढायचा, अशी पद्धत आहे. त्याची भाषांतरे झाली, त्यातून मध्ययुगातले सचित्र प्राणिग्रंथ निघाले. या ग्रंथांना प्राणी पाहण्याची गरज नव्हती. प्राणी म्हणजे ईश्वराने लिहिलेले एक अक्षर. त्याच्या पोटात काय दुखते याच्याशी वाचणाऱ्याला काय करायचे? हत्तीच्या पायाला गुडघाच नसतो, तो एकदा पडला की उठत नाही, असे त्यात लिहिले होते आणि शतकानुशतके ते वाचले गेले.

पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या इटलीत चित्रकार प्रत्यक्ष पाहून काढू लागले, म्हणून जुने अर्थ गेले असे झाले नाही. राफाएलच्या १५०५-०६ च्या सुमाराच्या एका प्रसिद्ध चित्रात बाळ योहान बाळ येशूच्या हातात एक चिमुकला पक्षी देतो आहे. तो गोल्डफिंच, तोंडावर लाल रंगाचा. दंतकथा अशी की क्रूसाकडे जाणाऱ्या येशूच्या कपाळात रुतलेला काटा या पक्ष्याने चोचीने उपसला आणि रक्ताचा थेंब त्याच्या तोंडावर उडाला. म्हणजे बाळाच्या हातात त्याचे मरण आहे. हर्बर्ट फ्रीडमन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञाने १९४६ साली या एका पक्ष्यावर आख्खे पुस्तक लिहिले आणि तो असलेली ४८६ धार्मिक चित्रे मोजली. चित्रांच्या इतिहासात पक्षीवाला शिरला की असे चांगले काम होते. पण त्याच काळात इटलीतली मुले हाच पक्षी घरात पाळत, पायाला दोरा बांधून त्याच्याशी खेळत. चित्रातल्या पक्ष्याला मोठा अर्थ आहे आणि तो एका पोराचे खेळणेही आहे. राफाएलला दोन्ही ठाऊक होते. म्हणूनच ते चित्र पाहताना पोटात कालवते.

लिओनार्दोचे अर्मिन हातात घेतलेल्या तरुणीचे चित्र घ्या. १४९० च्या आसपासचे. आता पोलंडमधल्या क्राकोव्ह शहरात आहे. अर्मिन हा मुंगसासारखा लांबट, हिवाळ्यात पांढराशुभ्र होणारा प्राणी. अंग मळण्यापेक्षा तो मरण पत्करतो, अशी समजूत. ती लिओनार्दोने स्वतःच्या टिपणवहीतही उतरवून ठेवली आहे. म्हणून तो पावित्र्याचे चिन्ह. पण चित्रातली तरुणी चेचिलिया गालेरानी ही मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याची प्रेयसी, आणि लुदोविकोला नेपल्सच्या राजाकडून १४८८ मध्ये ‘अर्मिन’ नावाचा सन्मान मिळालेला. शिवाय या जातीच्या प्राण्याला ग्रीकमध्ये ‘गॅले’ म्हणतात, तो गालेरानी या आडनावावरचा श्लेष. पावित्र्य, प्रियकर आणि आडनाव, असे तीन अर्थ एका जनावरात. वहीत हे सगळे आहे. वहीत नाही ते त्या जनावराच्या पुढच्या पंजाचे ताणलेले स्नायू. असा पंजा कोशातून काढता येत नाही.

गेंड्याच्या बाबतीत मात्र हा तोल बिघडला. कारण युरोपजवळ गेंड्याचे अर्थ हजार वर्षांपासून तयार होते आणि गेंडा मात्र नव्हता. रोमन लोकांनी तो रिंगणात झुंजवलेला होता. प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवले होते की तो हत्तीचा जन्मजात वैरी, शिंग दगडावर घासून धार लावतो आणि हत्तीच्या मऊ पोटात खुपसतो. मग रोम पडले आणि जनावर युरोपच्या नजरेआड गेले. मागे राहिलेल्या वर्णनांची सरमिसळ झाली. सातव्या शतकातल्या इसिडोरच्या ज्ञानकोशात गेंडा आणि एकशिंगी घोडा, म्हणजे युनिकॉर्न, एकाच नोंदीत येतात. युनिकॉर्न फक्त कुमारिकेच्या मांडीवर डोके ठेवतो, म्हणून तो ख्रिस्ताचे आणि कौमार्याचे प्रतीक. मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या शेवटी सुमात्रा बेटावर प्रत्यक्ष गेंडे पाहिले तेव्हा त्याला युनिकॉर्नच वाटले, आणि तो पार हिरमुसला. हे तर चिखलात लोळणारे कुरूप जनावर, आपल्याकडे सांगतात तसे मुळीच नाही, अशी त्याची तक्रार आहे. चिखलाची नोंद करणारा तो पहिला युरोपीय असेल-नसेल, पण त्याने ती दोष म्हणून केली.

आता गोव्याकडे येऊ, कारण ही गोष्ट तिथून सुटते. अफोन्सो द अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवे घेतले. त्याला दीव बंदरात किल्ला हवा होता. दीव गुजरातच्या सुलतानाचे. १५१४ च्या आरंभी त्याने सुलतान मुजफ्फरशहा दुसरा याच्याकडे वकील पाठवले. सुलतानाने किल्ल्याला नकार दिला आणि शिष्टाचार म्हणून भेटी दिल्या. त्यांत एक जिवंत गेंडा होता. नकाराबरोबर दिलेली ही भेट गोव्यात येऊन थडकली. अल्बुकर्कने ती पोर्तुगालचा राजा मॅन्युएल याच्याकडे रवाना करायचे ठरवले. जानेवारी १५१५ मध्ये ‘नोसा सेन्योरा दा आजुदा’ या जहाजावर, मसाल्यांच्या पोत्यांसह, गेंडा चढवला गेला. बरोबर त्याची देखभाल करणारा एक हिंदी माणूस होता. त्याचे नाव पोर्तुगीज कागदांत ‘ओसेम’ असे उतरले आहे; मूळ नाव काय असेल ते त्या स्पेलिंगवरून ज्याने त्याने ताडावे. गेंड्याला मात्र तिकडे आपल्याकडचेच नाव मिळाले. ‘गांदा’, आपला गंड, गंडक, गेंडा.

मोझांबिक, सेंट हेलेना, अझोर्स असे थांबे घेत जहाज २० मे १५१५ रोजी लिस्बनला लागले. भाताचा पेंढा, वाळले गवत, असे काहीतरी चारत त्याला तिथवर नेले असणार. दीड-दोन टनांचे, दिवसातला बराच वेळ पाण्यात आणि दलदलीत काढणारे जनावर, सुमारे चार महिने लाकडी तळावर, खाऱ्या वाऱ्यात उभे. डॉक्टरांनी विचारला तो प्रश्न इथला आहे. ड्यूररच्या चित्रातली खडबडीत, खपल्या धरल्यासारखी त्वचा ही दीर्घ बंदिवासातल्या चर्मरोगाची खूण असू शकेल, ही शंका काही अभ्यासकांनीही घेतली आहे. ती मला त्या व्याख्यानानंतर शोधताना सापडली. आधी कुठे वाचली असती तरी बहुधा डोळा तिच्यावरून पुढे सरकला असता.

लिस्बनमध्ये राजाला पहिली गोष्ट सुचली ती प्लिनीची परीक्षा घेण्याची. जुने ग्रंथ खरे की खोटे हे तपासण्याची तेव्हा हौस होती आणि राजाजवळ हत्तीही होते. ३ जून १५१५, रविवार. प्रेक्षकांनी भरलेल्या अंगणात एक तरुण हत्ती आणि गेंडा समोरासमोर आणले. गेंडा सावकाश पुढे सरकला. गर्दीच्या गलक्याने आधीच बुजलेल्या हत्तीने पाठ फिरवली आणि तो आपल्या तबेल्याकडे पळाला. प्लिनी खरा ठरला! गेंडा हत्तीचा वैरी, हे आता ‘पाहिलेले’ सत्य झाले.

इथे मला बाबर आठवतो. हिंदुस्थानच्या अखेरच्या स्वारीवर येताना, डिसेंबर १५२५ मध्ये, पेशावरच्या बाजूला त्याने गेंड्यांची शिकार केली. ‘बाबरनामा’त तो लिहितो की गेंडा आणि हत्ती समोरासमोर आले तर काय होईल, हे कुतूहल त्याला आणि हुमायूनला पुष्कळ दिवस होते. योगायोगाने तसे घडले. माहुतांनी हत्ती पुढे काढले, आणि गेंडा तोंड न देता दुसऱ्या दिशेने निघून गेला. बाबर याचे प्रतीक करत नाही, धडा काढत नाही. गेंड्याची तुलना तो घोड्याशी करतो, त्याच्या पोटाची आणि हाडांची चर्चा करतो. (आजच्या प्राणिशास्त्रातही गेंडा घोड्याच्या गणात बसतो, हत्तीच्या नाही.) त्याच्या पदरच्या मकसूद नावाच्या एका पोराचा घोडा गेंड्याने शिंगाने भिरकावला, तर त्या पोराचे नाव सगळ्यांनी ‘गेंडामकसूद’ पाडले. लिस्बनचा राजा आणि बाबर यांच्यात दहाच वर्षांचे अंतर. पण एकासमोर जनावर होते आणि दुसऱ्यासमोर प्लिनीचे पान.

लिस्बनमध्ये व्हॅलेंटिम फर्नांदिश नावाचा एक जर्मनभाषी मुद्रक राहत होता. त्याने गेंड्याचे वर्णन करणारे पत्र न्यूरेंबर्गला धाडले. त्याची इटालियन नक्कल फ्लॉरेन्समध्ये आजही आहे. कोणा अनामिकाने काढलेले एक रेखाटनही जर्मनीत पोचले. त्यातून १५१५ मध्येच दोन लाकडी ठसे कोरले गेले. न्यूरेंबर्गला ड्यूररने एक केला आणि आउग्सबुर्गला हान्स बुर्गक्मायरने दुसरा. दोघांपैकी कोणीही गेंडा पाहिला नव्हता.

ड्यूरर हा सांगोवांगीवर चित्रे काढणारा माणूस नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. १५०२ मध्ये त्याने काढलेला ससा पाहावा. एकेक केस सुटा दिसतो, आणि डोळ्याच्या बाहुलीत खोलीच्या खिडकीचे गज उमटले आहेत. हा ससा एका विशिष्ट दुपारी, एका विशिष्ट खिडकीसमोर बसला होता. माझ्या वहीत सशापुढे ‘सुपीकता, भित्रेपणा’ असे लिहिले आहे. त्या चित्रापुढे ते दोन्ही शब्द लटपटतात. पुढे १५२० च्या डिसेंबरात झीलंडच्या किनाऱ्यावर मोठा देवमासा लागल्याचे कानावर येताच हा माणूस, पन्नाशीला टेकलेला, थंडीवाऱ्यात तिकडे निघाला. पोचेपर्यंत भरतीने मासा वाहून नेला होता. हात हलवत परत आला, वर आजारपण घेऊन. पाहण्याची ही तहान ज्याला होती त्याच्या नावावर न पाहिलेला गेंडा लागला, हा दैवाचा खेळच.

त्याचे शाईचे रेखाटन ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावरून ठसा झाला. बाप सोनार, स्वतःचा हात धातूकामात तयार झालेला, गाव चिलखते घडवणाऱ्यांचे, आणि त्याच सुमारास सम्राट मॅक्सिमिलियनसाठी चिलखतांचे नमुने काढण्याचे कामही ड्यूररकडे होते. त्यामुळे गेंड्याच्या कातडीच्या घड्या त्याच्या हातून चिलखताचे पत्रे झाल्या. घड्यांच्या जागा बऱ्याचशा बरोबर आहेत. मानेवर, खांद्यामागे, पुठ्ठ्यावर भारतीय गेंड्याला खरोखरच तशा वळ्या असतात आणि त्यावर गाठीही असतात. पण खांद्यावरचे ते पिळदार दुसरे शिंग कुठून आले? पायांना खवले कुठून आले? चित्रावर छापलेल्या मजकुरात कासवासारखा रंग, जवळपास अभेद्य कातडी, हत्तीशी हाडवैर हे सगळे आहे. प्लिनी पुन्हा हजर आहे. वर्षही चुकून १५१३ पडले आहे. चित्रातला गेंडा चौकटीत जेमतेम मावतो. मान खाली, शिंग पुढे, जणू कागदाची कड फोडून बाहेर येईल.

बुर्गक्मायरचा गेंडा पाहिला की आधी निराशा होते. कमी रुबाबदार, जरा बेंगरूळ. अंगावर केस दाखवलेले, चिलखत नाही, खांद्यावर शिंग नाही. बुर्गक्मायरला हिंदुस्थान अगदीच परका नव्हता. व्यापाऱ्यांबरोबर १५०५-०६ मध्ये इकडे येऊन गेलेल्या बाल्थासार श्प्रिंगरच्या प्रवासासाठी त्याने १५०८ मध्ये आफ्रिकेच्या आणि मलबारच्या लोकांची, कोचीनच्या राजाच्या मिरवणुकीची चित्रे कोरली होती. त्यात माणसे माणसांसारखी आहेत. त्याच हाताने गेंडा काढला. मी या चित्राची प्रतिकृती त्याआधी निदान दहा वेळा पाहिली असेल, ‘ड्यूररपेक्षा वास्तवाच्या जवळ’ अशी एक ओळही लिहून ठेवली होती. डॉक्टरांच्या प्रश्नानंतर भिंग घेऊन पुन्हा बसलो तेव्हा पाय पाहिले. पुढचे दोन्ही पाय बांधलेले आहेत.

ड्यूररचे पाय मोकळे आहेत. साधीच गोष्ट. पण गेंडा अभेद्य शक्तीचे चिन्ह व्हायचा असेल तर त्याच्या पायात बंध असून चालत नाही. ड्यूररपर्यंत आलेल्या रेखाटनात बंध होते आणि त्याने गाळले, असे मी म्हणत नाही. ते रेखाटन आज आपल्यासमोर नाही. इतकेच म्हणतो की एकाच वर्षी बाजारात दोन गेंडे आले, एक चिलखतातला आणि एक बांधलेला, आणि लोकांनी चिलखतातला घेतला. ड्यूररच्या हयातीत त्याच्या चार-पाच हजार प्रती विकल्या गेल्या असाव्यात असा अंदाज आहे. ठशाला तडा जाईपर्यंत आणि गेल्यावरही तो छापला जात होता. बुर्गक्मायरच्या चित्राची जगात एकच प्रत उरली आहे. ती व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. ड्यूररचा तो सुप्रसिद्ध ससाही त्याच इमारतीत आहे.

आता जनावराचे पुढे काय झाले ते. मॅन्युएलने आदल्या वर्षी पोप दहावा लिओ याला एक पांढुरका हत्ती नजर केला होता. हान्नो त्याचे नाव, तोही हिंदुस्थानातला. १२ मार्च १५१४ रोजी रोममध्ये त्याने पोपपुढे तीनदा गुडघे टेकले. हत्तीला गुडघे नसतात हे पुस्तकातून शिकलेले काही विद्वान त्या गर्दीत नक्की असतील! पोप खूश झाला होता. नव्या मुलखांवरचे हक्क पोपच्या मर्जीवर अवलंबून होते, तेव्हा राजाने आता गेंडाही पाठवायचे ठरवले. डिसेंबर १५१५ मध्ये गळ्यात हिरव्या मखमलीचा पट्टा घालून त्याला पुन्हा जहाजावर चढवले. त्याच डिसेंबरात इकडे गोव्याच्या बंदराशी पोचता पोचता अल्बुकर्क जहाजावरच वारला. त्याची भेट तिकडे दुसऱ्यांदा भेट होत होती. जानेवारीत मार्सेयजवळच्या बेटावर फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा मुद्दाम गेंडा पाहायला आला. मग इटलीच्या किनाऱ्याशी, पोर्तोव्हेनेरेजवळ, वादळात जहाज बुडाले.

भारतीय गेंडा उत्तम पोहतो. काझीरंगात पुराच्या दिवसांत हे दरवर्षी दिसते. पण हा तळाला साखळीने जखडलेला होता. किनारा दिसत असताना तो बुडाला. प्रेत सापडले, कातडे पेंढा भरून रोमला गेले, अशी एक कथा सांगतात. तिच्यावर मी विसंबत नाही. हान्नोही त्याच वर्षी जूनमध्ये मेला. सोने घातलेले जुलाबाचे औषध त्याला देण्यात आले होते, असे सांगतात. राफाएलने त्याचे स्मरणचित्र काढले, तेही टिकले नाही.

यानंतर चिन्हाची भरभराट झाली. फ्लॉरेन्सचा ड्यूक आलेस्सांद्रो दे मेदिची याने गेंडा हे आपले बोधचिन्ह केले. जिंकल्यावाचून परतत नाही, अशा अर्थाचे स्पॅनिश ब्रीद त्याखाली होते आणि गेंडा अर्थातच ड्यूररच्या वळणाचा. परत न येणाऱ्या त्या जनावराच्या नावे असे ब्रीद! ड्यूकचा १५३७ मध्ये नातलगानेच खून केला. १५४९ मध्ये दुसऱ्या हेन्रीच्या पॅरिस-प्रवेशाच्या वेळी रस्त्यात उभारलेल्या प्रचंड स्तंभाखाली गेंडा होता. पिसाच्या कॅथीड्रलच्या ब्राँझच्या दारावर तो आहे. म्युन्स्टरच्या भूगोलात आहे, गेस्नरच्या प्राणिशास्त्रात आहे. खांद्यावरचे खोटे शिंग सगळीकडे बरोबर गेले. मध्यंतरी दुसरे जिवंत गेंडे युरोपात आले, लोकांनी पाहिले, चित्रेही काढली. तरी पुस्तकांतला गेंडा बदलेना. १७४१ मध्ये रॉटरडॅमला उतरलेली क्लारा ही आसामची मादी सतरा वर्षे गावोगाव फिरवली गेली, १७४९ मध्ये ऊद्रीने तिचे पूर्णाकृती चित्र काढले, तेव्हा कुठे ड्यूररचे चिलखत ढिले पडू लागले. म्हणजे सव्वादोनशे वर्षे डोळ्यांपेक्षा ठसा वरचढ राहिला.

लिस्बनमध्ये तागुस नदीच्या तोंडाशी बेलेंचा बुरूज आहे. त्याचे बांधकाम १५१४ ते १५१९ च्या दरम्यान चालू होते, म्हणजे गेंडा शहरात असताना. एका लहान मनोऱ्याच्या तळाशी गेंड्याचे दगडी डोके कोरलेले आहे. कोरणाऱ्याने जनावर स्वतः पाहिले असण्याचा संभव इथे सर्वांत जास्त. पण वाऱ्याने आणि पाण्याने ते इतके झिजले आहे की ठाऊक नसलेल्याला गेंडा ओळखूही येणार नाही.

बुर्गक्मायरच्या चित्राची एक मोठी प्रत काढून मी डॉक्टरांना टपालाने पाठवली. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला.

“हा पायबंद आहे,” ते म्हणाले. “पुढच्या दोन पायांचा. असा घातला की जनावर चालतं, चरतं, पण धाव घेत नाही.”

पायबंद. हा शब्द मी जन्मभर वापरत आलो आहे. महागाईला पायबंद, भ्रष्टाचाराला पायबंद. तो जनावराच्या पायात घालायचा खरोखरचा दोर असतो हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण दोर डोळ्यांपुढे कधी आला नव्हता.

“कातडीचं यात नीट कळत नाही,” डॉक्टर पुढे म्हणाले. “ठसा जाड आहे. पण बरोबर कुणी माणूस होता का, आपल्याकडचा?”

“होता. ओसेम असं नाव लिहिलंय. या दोन्ही चित्रांत तो नाही.”

“मग त्याला ठाऊक असणार.”

“काय?”

“चिखलाचं,” डॉक्टर म्हणाले.